कडुबानं सांगितलेला अर्थ

गिरजावहिनी कित्येक महिन्यांनी आपल्या नवऱ्याशी बोलल्या, आणि त्या बोलल्या म्हणून मी टाळ्या पिटल्या. त्याबरोबर त्या पुन्हा गप्प झाल्या. माझ्या हातून आजवर मूर्खपणा पुष्कळ झालाय. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना एकदा मी पालक समजून दाखल्याच्या रांगेत उभं केलं होतं. पण त्या टाळ्यांची सर कशालाच नाही. कारण वहिनींचा नवरा, म्हणजे माझा मित्र कडुबा, तेव्हा खाटेला लागला होता, आणि रुसवा आपोआप निघेपर्यंत थांबायला त्याच्यापाशी फारसा वेळ उरला नव्हता. ही गोष्ट त्याच्या घराबाहेर गावात मला एकट्याला ठाऊक होती.

कडुबा दिवाळीनंतर गेला. सकाळी मी अंगणात दात घासत होतो तेव्हा फोन आला. "गुरुजी, या," एवढंच वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी तसाच निघालो. अर्ध्या वाटेत भेटलेला एकजण माझ्याकडं बघून थबकला, तेव्हा कळलं की तोंडाला फेस आहे आणि ब्रश हातातच आहे. कडुबाच्या दारातल्या रांजणावर चूळ भरली आणि आत गेलो. तो असता तर त्यानं एवढ्यावर आठवडाभर गावाला हसवलं असतं. या वेळी कोणी हसलं नाही, आणि तो खरंच गेलाय हे मला त्यावरून पटलं...

आमच्या टेंभुर्णीत श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकानं ओव्या वाचायच्या आणि दुसऱ्यानं त्यांचा अर्थ सांगायचा, अशी रीत. वाचायला मी, कारण मी शाळामास्तर. अर्थ सांगायला कडुबा, कारण त्याला अडवायची कोणाची छाती नव्हती. आम्ही पाचवीपर्यंत एका बाकावर होतो. मग तो बापाच्या मेंढरांमागं गेला आणि मी पुस्तकांमागं. पुढं मी नोकरीला लागलो तसा तो मला 'गुरुजी' म्हणायला लागला, पण 'तू' काही सोडलं नाही. "गुरुजी, तू लय हळू वाचतो," असं तो भर देवळात म्हणायचा. पोथीतला राजा वनात गेला की कडुबा आधी त्या वनात पाणी कुठंय, चारा कसाय, मुक्काम कुठं टाकावा हे सांगायचा, मग राजाकडं वळायचा. ओवी दोन ओळींची, अर्थ पाऊण तासाचा. लोक ओवीला झोपायचे आणि अर्थाला उठून बसायचे. वाचणारा म्हणून हे मला लागायचं, पण खरं सांगायचं तर मीही अर्थाचीच वाट बघायचो.

आता रुसव्याची गोष्ट. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला जालन्याला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर घरामागचं मेंढरांचं वाडगं रिकामं. कडुबानं अख्खा कळप केदारखेड्याच्या बहिणीकडं लावून दिला होता. एका शब्दानं न विचारता, आणि तेही नणंदेच्या दारात! त्यातल्या कितीतरी कोकरांना वहिनींनी चुलीपाशी निजवून, बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. पुढं चालणाऱ्या मेंढीला त्या 'पाटलीण' म्हणायच्या. "काहून दिली?" असं त्यांनी एकदाच विचारलं. "डोक्याला लय ताप झाल्ता," कडुबा म्हणाला. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. स्वैपाक, पाणी, अंघोळीचं सगळं वेळच्या वेळी. फक्त तोंड बंद. सांगायचं असलंच तर माझ्यामार्फत: "गुरुजी, सांगा त्याहिला, गोळी घेयाची राह्यली." मी नसलो की मांजरीमार्फत. "मने, सांग त्याहिला, भाकर झाकून ठिवलीय." कडुबाही मांजरीलाच सांगायचा, की भूक नाही. त्या मांजरीला दोघांच्याही मनातलं माझ्याहून जास्त कळत असणार.

कळप देण्याआधी कडुबा जालन्याच्या डॉक्टरला दाखवून आला होता. सोबत मी होतो. छातीचा आजार, आणि पार आतवर गेलेला. जीपनं परत येताना सगळ्या वाटेत तो एवढंच बोलला, "गुरुजी, गिरजाला बोलायचं न्हाई. आईची शपथ." मी शपथ घेतली. वहिनींना खोकला दिसत होता, पण तो धुळीचा आहे असं कडुबानं ठोकून दिलं होतं.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा एक दिवस तो खाटेवर उशीला टेकून म्हणाला, "गुरुजी, तू लय पुस्तकं वाचतो. त्याच्यात रुसलेल्या बाईला काय म्हणतात?"

"कसली पुस्तकं?"

"पिरमाची. आता पोथीनं काम होत न्हाई."

त्या सालच्या श्रावणात पहिल्यांदाच देवळातला अर्थ दुसऱ्यानं सांगितला होता आणि लोक ओवीलाही झोपले होते आणि अर्थालाही. मी जाफराबादच्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी मला इतकी वर्षं इतिहास आणि चरित्रं दिली होती. मी प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गुरुजी, घरी सगळं बराबर ना?" मी म्हणालो, मित्रासाठी हव्यात. "सगळे असंच म्हणतात," म्हणून त्यांनी शिक्का मारला. मी घरी पोचायच्या आत ही बातमी माझ्या बायकोपर्यंत पोचली होती. तिनं पिशवीत डोकावून विचारलं, "हे आता सुचलं का?"

पहिलं पुस्तक दोन इंजिनिअरांचं होतं. मोठ्या शहरात राहणारे, एकमेकांवर जीव टाकणारे, पण 'आधी त्यानं फोन करावा' आणि 'आधी तिनं करावा' या मानापायी दोनशे पानं झुरणारे. मला ते आवडलं होतं. वाचताना एकदोनदा डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. कडुबाच्या घरी मी ते वाचायला घेतलं आणि सवयीनं पोथीच्या चालीवर गेलो. कडुबानंही सवयीनं हात जोडले. एक पान झालं की मी थांबायचो आणि तो अर्थ सांगायचा.

"म्हंजे बघा," तो खाटेवरून छताकडं बघत सुरू झाला. समोर मी एकटाच होतो, तरी त्याचं 'बघा' सगळ्या देवळाला असायचं तसंच. "दोघांकडं मोबाईल हाये. दोघांत बॅलन्स हाये. आन बोटाला काय झालंय? लावायचा की फोन! इतकं शिकून काय उपेग?"

आत चुलीवरच्या तव्यावर उलथनं जरा जोरात आपटलं. मी कडुबाकडं बघितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "वाच पुढं." हे बोलणारा माणूस स्वतः बायकोपासून दहा पावलांवर निजून मांजरीमार्फत निरोप धाडत होता. पण तेव्हा ते त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. पुस्तकातली पोरगी जेवणावरून उठली, तिची भूकच मेली, असं आलं तिथं तो अडलाच. "भूक मेली म्हंजे पिरेम न्हाई, रोग झाला. तिला डॉक्टरला दाखवा." म्हणून त्यानं भाकरीचा एक घास जबरदस्तीनं गिळला. त्याची स्वतःची भूक तेव्हा कधीच गेली होती.

दुसरं पुस्तक मी न वाचताच नेलं. मुखपृष्ठावर कमळ होतं, म्हणून सुखाचं असेल असं धरलं. निम्म्यावर आल्यावर नायकाला खोकला लागला. पुढची दोन पानं चाळली तर त्याला श्वास पुरेना, आणि पुस्तकाची जाडी बघता तो यातून वाचेलसं दिसेना. मी वाचता वाचता गाळायला लागलो. खोकल्याचा ताप केला, तापाचा मलेरिया केला, औषधानं नायक बरा केला, लग्न लावलं, वऱ्हाडही जेवायला बसवलं. कडुबा डोळे मिटून ऐकत होता. मग त्यानं एक डोळा उघडला.

"गुरुजी, पान न पलटता तू लग्नापर्यंत आला?"

मी पान पलटलं.

"मेला ना त्यो?"

"... हो."

"मरू दे. लय बोलत होता."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्याला उबळ आली आणि ती थांबेचना. मी पाठ चोळत राहिलो. मी निघालो तेव्हा गिरजावहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. हातात सोयाबीनच्या भुसाचं टोपलं होतं, पण ते रिकामं करायचं त्या विसरल्या होत्या.

"गुरुजी, त्या पुस्तकातल्याला खोकला झाल्ता ना?"

मी मान हलवली.

"मंग तुम्ही ताप काहून म्हणला?"

आईची शपथ घेतलेल्या माणसानं इथं काही तरी खपवायला हवं होतं. इतकी वर्षं पोरांच्या थापा पकडलेला मी, एक थाप मला सुचली नाही. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी टोपलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. "डॉक्टरनं काय सांगितलं?" मी सांगितलं. "मेंढरं त्याच्या आधी दिली का नंतर?" "नंतर," मी म्हणालो. त्या आत गेल्या. मला वाटलं, आता बोलतील. पण झालं उलटंच. आधी त्या मेंढरांसाठी रुसल्या होत्या. आता आपल्याला इतकी मोठी गोष्ट सांगण्यालायकही धरलं नाही, याच्यासाठी रुसल्या. दुसऱ्या दिवसापासून दुधात हळद आली, पाठीला शेकायला विटेचा तुकडा गरम करून फडक्यात बांधलेला आला, आणि मांजरीचं काम दुप्पट झालं. कडुबानं ओळखलं. "तू बोलला का रे?" "न्हाई," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं होतं, निदान सुरुवातीपुरतं.

तिसऱ्या पुस्तकाला त्या दाराच्या आतल्या अंगाला सूप घेऊन बसायला लागल्या. सुपात काही असो नसो, ते हलत राहायचं. हे पुस्तक एका गवंड्याचं होतं. तो बायकोला झोपेत सोडून आखातात कामाला जातो, वर्षांमागून वर्षं जातात, आणि एक दिवस भलीमोठी पेटी घेऊन दारात उभा राहतो. बायको त्याला घरात घेते, पण तिला त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही. मी ते दारातलं पान वाचलं आणि थांबलो.

कडुबाचा आता एका दमात मोठा अर्थ होत नसे. तुकड्या-तुकड्यानं म्हणाला, "म्हंजे बघा... चूक बाईची हाये. माणूस इतक्या लांबून आला... चहा तरी ठिवायचा."

"काहून ठिवायचा?" दाराआडून आवाज आला. "जाताना इचारून गेल्ता का?"

कडुबाच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला, पण आवाज त्यानं बिलकुल बदलू दिला नाही. "पोटासाठी गेल्ता त्यो."

"पोट काय एकट्याचं होतं का?"

"तिला सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं असतं का?"

"ते तिला ठरवू द्यायचं! तुम्ही कोण ठरवणार?"

'तुम्ही' म्हणाल्या! मांजरीला नाही, मला नाही, नवऱ्याला! आणि इथं मी... मी पुस्तक मांडीवर टाकलं, टाळ्या पिटल्या, आणि परीक्षेत पोरगं पास झाल्यासारखा ओरडलो, "वहिनी बोलल्या! कड्या, बोलल्या रे!"

सूप थांबलं. वहिनी उठल्या, आतलं दार लोटलं, कडी लागल्याचा आवाज आला. कळपात शिरलेल्या परक्या कुत्र्याकडं बघावं तसं कडुबानं माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, मेंढरू पाण्याला तोंड लावताना टाळी वाजवत असतेत का?"

त्यानंतर त्या दारातही येईनात. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "तुमचं काही न्हाई गुरुजी, तुम्ही वाचा," आणि हे 'तुमचं काही न्हाई' मला चपराकीसारखं लागलं. सोयाबीन निघालं. कडुबाला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून परत आणताना डॉक्टरनं सांगितलं की आता घरीच बरं. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्या घरघरीत माझी मास्तरकी आतून पार मोडली होती. प्रेमाबद्दल मी इतकं वाचलं होतं, त्यात मनधरणी होती, पश्चात्ताप होता, स्टेशनवरची धावाधाव होती. पण दोन माणसं एका घरात आहेत, दोघांनाही बोलायचंय, आणि मध्ये एक शहाणा बसलाय, अशा वेळी त्या शहाण्यानं काय करावं हे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

"गुरुजी, जल्दी वाच," एक दिवस कडुबा म्हणाला. "त्या गवंड्याचं काय झालं ते ऐकून घेऊ दे." मी पुस्तक उघडलं आणि खिशात हात घातला. चष्मा नव्हता. सकाळी जाफराबादहून येताना काळीपिवळी जीपमध्ये राहिला असावा. हे मी कडुबासाठी मुद्दाम केलं असं नंतर दोनचार जणांना वाटलं आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. पण आज लिहून टाकतो की मी निव्वळ विसरलो होतो. मी पुस्तक हात लांब करून धरलं, जवळ धरलं, उजेडाकडं धरलं. एक ओळ दोनदा वाचली, दुसरी गाळली. नायिका चुलीत पाणी घालते असं काहीतरी वाचलं. कडुबानं डोळे मिटून घेतले.

आतली कडी निघाली. वहिनी बाहेर आल्या, माझ्या हातून पुस्तक घेतलं आणि खाटेच्या पायथ्याशी खाली बसल्या. वहिनी सातवी शिकलेल्या आहेत, कडुबाहून दोन इयत्ता पुढं, हे आम्ही दोघंही सोयीनं विसरलो होतो. त्या बोट ठेवून, अडखळत वाचायला लागल्या. पुस्तकातली बायको शेवटी नवऱ्याला बोलते, ते पान होतं. 'तुम्ही आलात, पेटी आणली, माझ्यासाठी साडी आणली. पण गेलात त्या सकाळचं काहीच आणलं नाही...' वहिनींचा आवाज वाचताना सपाट होता. मग तो सपाट राहिला नाही.

"आन कळप लावून दिला. पाटलीण दारात बांधून ठिवली असती तरी चाललं असतं. दवाखान्यात गेला तर ह्या गुरुजीला घेऊन गेला. मी काय मेल्ते का?"

बोट अजून ओळीवरच होतं. पुस्तकात यातलं काही नव्हतं. एवढं मी चष्म्याशिवायही सांगू शकत होतो.

कडुबानं नाकावरची नळी बाजूला केली. "तुला सांगितलं असतं तर तू मेंढरं ठिवली असती."

"ठिवलीच असती!"

"मलाबी सांभाळलं असतं."

"मंग?"

"आन मी गेल्यावर एकटी त्याहिच्या मागं रानोमाळ हिंडली असती. म्हणून न्हाई इचारलं... इचारायला पायजे होतं."

वहिनींनी ती नळी पुन्हा नाकाला लावली, जरा रागानंच. मी उठलो. या वेळी खोकलो नाही, निरोप घेतला नाही, काहीच केलं नाही. रस्त्यावर आल्यावर बघितलं तर एका पायात माझी चप्पल होती आणि एका पायात कडुबाची. परत गेलो नाही.

पुढं थोडेच दिवस मिळाले, पण त्या दिवसांत त्या घरात इतकं बोलणं झालं, की मला माझी पाळी येईना. बहुतेक भांडणच. पाटलीण एक दिवस टेम्पोतून येऊन दारात बांधली गेली, तिच्या चाऱ्यावरून भांडण; त्याच्यामागं वहिनींनी लेकीकडं राहायला जायचं की नाही यावरून भांडण. मी विचारलं, "पुस्तकाचा शेवट कसा वाटला?" दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "वाचला न्हाई," वहिनी म्हणाल्या, "बोलण्यात राह्यला." वाचनालयाला ते पुस्तक तसंच परत गेलं.

परवा मी वहिनींकडं गेलो होतो. त्या चुलीपाशी चहा ठेवत होत्या. ओसरीतला माझा स्टूल कोणी तरी नेला होता, म्हणून मी पहिल्यांदाच कडुबाच्या खाटेवर टेकलो, तो टेकायचा तसाच, उशीला पाठ लावून. समोर बघितलं आणि बघतच राहिलो. दाराच्या चौकटीतून थेट चूल दिसत होती. चुलीपाशी बसलेल्या वहिनी, त्यांचा हात, तवा, सगळं समोर. माझा स्टूल असायचा पार बाजूला, भिंतीकडं. मी वाचताना कडुबा टक लावून ऐकतो, माझ्या वाचनात त्याचं ध्यान लागतं, म्हणून मी मनोमन फुलून जायचो आणि आवाज आणखी चढवायचो...

वहिनी चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "वहिनी, मला इतके दिवस वाटायचं, हा माझ्याकडं बघत ऐकतोय."

त्यांनी कप हातात दिला. "तुमच्याकडं काय बघायचंय, गुरुजी?"